आई-वडिलांचा रकाना

नवी मुंबईतल्या दिघ्यात एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी बसतो. काम फॉर्म भरून देण्याचं. शिष्यवृत्ती, आयटीआय, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, मधूनच उत्पन्नाचा दाखला नाहीतर जातपडताळणी. जायला लागलो तेव्हा गणित शिकवायचा बेत होता. स्कॅन, ओटीपी आणि 'साइट चालत नाहीये' यांनी तो खाऊन टाकला. जवळपास प्रत्येक फॉर्मात एक रकाना असतो: पालकाचा व्यवसाय. तिथे आलं की पेन अडतं.

"काय लिहू सर?"

वडील नाक्यावर उभे राहतात. कधी स्लॅबचं काम मिळतं, कधी गटाराचं, पावसात आठ-आठ दिवस काहीच नाही. आई ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करते. मुलगा थोडा वेळ छताकडे बघतो आणि 'नोकरी' लिहून मोकळा होतो. शेजारच्या मुलाचे वडील रबाळ्याच्या एका कंपनीत कायम आहेत. पीएफ कापला जातो, दिवाळीला बोनस येतो, आजारपणात ईएसआयचं कार्ड चालतं. त्यानंही 'नोकरी' असंच लिहिलेलं असतं. फॉर्म सबमिट होतो, पावती निघते, आणि त्या रकान्यात काय लिहिलं होतं हे पुन्हा कधी कुणी वाचत नाही.

मला या लेखात त्या रकान्याबद्दलच बोलायचंय. आपल्याकडे विषमतेवर भांडणं होतात ती बहुतेक या रकान्याशिवाय होतात, आणि त्यामुळेच ती कुठे पोचत नाहीत.

ताजं उदाहरण घ्या. 2025 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं पत्रक काढलं की भारताचा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप: शून्य म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाकडेच) 25.5 असून समानतेच्या बाबतीत आपण जगात चौथे आहोत. लगेच दुसऱ्या बाजूनं 'वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब' या संशोधन संस्थेचा आकडा पुढे आला: 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा 22.6 टक्के वाटा जातो. आठवडाभर दोन्ही आकडे एकमेकांवर फेकले गेले. पहिला आकडा घरखर्चाचा आहे आणि दुसरा उत्पन्नाचा, हे सांगणारे थोडे होते. कोट्यधीश माणूस पोळ्या काही हजारपट खात नाही. त्यामुळे खर्चातली तफावत उत्पन्नातल्या तफावतीपेक्षा सहसा कमीच दिसणार, आणि बहुतेक श्रीमंत देश मोजतात ते उत्पन्न. खर्चाच्याच ताज्या पाहणीत शहरी भारताचा गिनी (इथे शून्य ते एक या पट्टीवर) 2022-23 मध्ये 0.314 होता, तो 2023-24 मध्ये 0.284 झाला. उतरला, चांगलं झालं.

पण हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट मोजत होते: आज कुणाच्या ताटात किती आहे. ते ताट असं का वाढलं गेलं, हा प्रश्न दोघांच्याही तक्त्यात नव्हता. माझ्या मते न्याय-अन्यायाचा खरा वाद तिथे आहे. दोन माणसांच्या पगारात पाचपट फरक आहे एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. एकानं रात्रपाळ्या करून, परीक्षा देऊन, जोखीम घेऊन ते मिळवलं असेल तर त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. तोच फरक जन्माच्या दिवशी, दवाखान्याच्या केसपेपरवर बापाचं नाव लिहिताना बऱ्यापैकी ठरून गेला असेल, तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. पहिल्या फरकाला आपण कमाई म्हणू. दुसऱ्याला कमाई म्हणणं ही लबाडी आहे.

हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांनी साधा हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ होतो तो वरच्या वर्गांना. कॉलेजात कोण बसलंय हे बघून फुले थांबले नाहीत. बसलेला कुणाचा मुलगा आहे, हे त्यांनी विचारलं. पालकाचा रकाना त्यांनी तेव्हाच वाचला होता. अर्थशास्त्राला त्याचं सूत्र बांधायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

ते सूत्र बांधण्यात मोठा वाटा जॉन रोमर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा. 1998 च्या पुस्तकात त्यानं माणसाच्या पदरात पडणाऱ्या फळाचे दोन भाग केले. एक भाग परिस्थितीचा: आई-वडिलांचं शिक्षण, त्यांचा धंदा, जात किंवा वर्ण, जन्मगाव, बाई की पुरुष. यातलं काहीच माणसानं निवडलेलं नसतं. दुसरा भाग प्रयत्नांचा. परिस्थितीमुळे पडलेला फरक समाजानं भरून काढावा, प्रयत्नांमुळे पडलेला तसाच राहू द्यावा, अशी ही मांडणी. ऐकायला सोपी आहे. मोजायला गेलं की घाम फुटतो.

कागदावर सहा माणसं मांडू. मनानं रचलेली आहेत, दिघ्यातली नाहीत. तिघांचे वडील दहावीच्या आत शिकलेले. या तिघांचं महिन्याचं उत्पन्न 10, 14 आणि 18 हजार. बाकी तिघांचे वडील पदवीधर. त्यांचं उत्पन्न 22, 36 आणि 50 हजार. सहाही जणांचा मिळून गिनी काढला तर 0.30 येतो. आता पहिल्या तिघांच्या हातात त्यांच्या गटाची सरासरी ठेवू, प्रत्येकी 14 हजार. दुसऱ्या तिघांना प्रत्येकी 36 हजार. गटाच्या आतला फरक पुसला गेला. उरला तो फक्त दोन गटांमधला, म्हणजे वडिलांच्या शिक्षणाशी बांधलेला. त्याचा गिनी 0.22 भरतो. तिसातले बावीस. या सहा जणांमधल्या विषमतेचा जवळपास पाऊण हिस्सा त्यांच्या वडिलांच्या पाटी-पुस्तकापर्यंत मागे जातो.

हीच सहा माणसं घेऊन, गिनीऐवजी सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग (अंतर गुणिले अंतर) करून मोजलं तर तो हिस्सा 63 टक्के येतो. माणसं तीच, पगार तेच. तेव्हा या विषयात टक्केवारी फेकणाऱ्यानं आधी फूटपट्टी कोणती ते सांगावं. मी स्वतः हे शिकलो ते एका मित्राशी भांडल्यावर, आणि चूक माझी होती.

पण यातला महत्त्वाचा भाग पुढेच आहे. पहिल्या गटात एकाला 10 हजार मिळतात आणि एकाला 18. आपल्या हिशेबात तो आठ हजारांचा फरक परिस्थितीच्या खात्यातून सुटला, म्हणजे आपोआप प्रयत्नांच्या खात्यात जमा झाला. कशावरून? अठरावाल्याचा मामा कंपनीत सुपरवायझर असेल. दहावाली बाई असेल आणि तिला संध्याकाळी सातनंतर बाहेर राहता येत नसेल. आपण विचारलं नाही म्हणून आपल्याला ते दिसलं नाही. परिस्थितीचा आणखी एक रकाना जोडला की गट अधिक बारीक होतात आणि संधीच्या विषमतेचा, म्हणजे परिस्थितीतून आलेल्या फरकाचा, हिस्सा वाढतो. निदान कमी तरी होत नाही. म्हणून या पद्धतीनं निघणारा कोणताही आकडा 'किमान इतका' असा वाचायचा असतो. ब्राझीलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बुर्गिन्यों, फेरेरा आणि मेनेंदेझ या तिघा अर्थतज्ज्ञांनी 1996 सालच्या शहरी ब्राझीलमधल्या पुरुषांची कमाई तपासली. पालकांचं शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, वर्ण आणि जन्माचा प्रदेश एवढ्याच रकान्यांतून विषमतेचा सुमारे एक चतुर्थांश भाग उलगडला. सगळ्यात जड रकाना होता पालकांच्या शिक्षणाचा. हा चतुर्थांश म्हणजे तळ आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. तरी अशा आकड्यांचा सारांश पुढे वर्तमानपत्री भाषेत 'पंचवीस टक्के नशीब, पंचाहत्तर टक्के मेहनत' असा होतो. उरलेले पंचाहत्तर मेहनतीचे असतात असं कुणीच सिद्ध केलेलं नसतं. ते न विचारलेल्या प्रश्नांचं गाठोडं असतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही तीच लबाडी करेन. रकाने वाढवतच गेलो तर एका खणात दोन-तीन माणसं उरतात आणि शेवटी प्रत्येक माणूस आपापला स्वतंत्र गट होतो. मग सगळीच विषमता परिस्थितीची ठरते, प्रयत्न नावाची गोष्ट जगातून नाहीशी होते. छोट्या नमुन्यावर भरमसाट रकाने लावून मोठा आकडा काढणं हाही एक उद्योग आहे. त्यावर उपाय दोन: नमुना मोठा हवा, आणि रकाने त्या जागेची माहिती असलेल्यानं निवडलेले हवेत.

जागेची माहिती म्हणजे काय, ते नवी मुंबईत कळतं. 1970 च्या मार्चमध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आगरी-कोळी गावं. भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. मोबदल्यासाठी लढा झाला. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या संघर्षातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व उभं राहिलं. देशभरच्या प्रकल्पग्रस्तांनी हेवा करावा असं हे तत्त्व. पण त्याचं गणित बघा. साडेबारा टक्के कशाचे? गेलेल्या जमिनीचे. ज्याची पाच एकर गेली त्याला पाच एकराच्या मापानं, ज्याची पाच गुंठे गेली त्याला पाच गुंठ्यांच्या मापानं. सातबाऱ्यावर नाव नसलेला, दुसऱ्याच्या शेतात राबणारा किंवा खाडीत जाळं टाकून जगणारा या मापात बसणार कसा? 1970 सालची गावातली जमिनीची विषमता अशा रीतीनं चौरस मीटरमध्ये उतरली आणि शहराच्या भावानं फुगली. त्यातही अनेकांनी भूखंड हातात पडायच्या आधीच बिल्डरला विकून टाकला, ज्यांनी थांबायची ताकद दाखवली ते वेगळ्याच जागी पोचले. थांबायची ताकद ही पुन्हा घरच्या परिस्थितीचीच गोष्ट.

आता ब्राझीलचा तक्ता घेऊन घणसोलीच्या गावठाणात जा. 'वडिलांचं शिक्षण?' सातवी. 'व्यवसाय?' शेती, आता काही नाही. तक्ता सांगेल, हा तळाच्या गटातला माणूस. त्याच्या घरावर चार मजले आहेत, गरजेपोटी बांधलेले, आणि खालच्या खोल्यांत राहणाऱ्या बिऱ्हाडांकडून महिन्याला भाडं येतं. त्या बिऱ्हाडांतल्या कुणाचे वडील बीडला किंवा आझमगडला सातवीच शिकलेले आहेत. दोघांची उत्तरं सारखी, दोघांच्या मुलांची सुरुवात अजिबात सारखी नाही. इथे मोलाचा रकाना 'आजोबांच्या नावावर सातबारा होता का' हा आहे. कुठल्याही परदेशी प्रश्नावलीत तो सापडणार नाही, आणि दिल्लीत बसून तो सुचणारही नाही.

असाच दुसरा रकाना तुर्भ्याच्या बाजार समितीत आहे. पाठीवर पोती वाहणारी दोन माणसं. एक माथाडी मंडळात नोंदलेला. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्याची मजुरी मंडळामार्फत येते, तिच्यावर मालकाकडून लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम, घेतली जाते, फंड आणि ग्रॅच्युइटी आहे, कदाचित कोपरखैरणेला किंवा घणसोलीला माथाडी वसाहतीत घरही असेल. दुसरा त्याच गाळ्यावर त्याच वजनाची पोती उचलतो, पण त्याची नोंद कुठेच नाही. फॉर्मवर दोघंही 'हमाल'. त्यांच्या मुलांमध्ये पुढे जे अंतर पडेल ते 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्याला दिसणार नाही, आणि आपला हिशेब ते अंतर मुकाट्यानं मुलांच्या मेहनतीच्या खात्यात टाकेल.

मेहनतीबद्दलही बोलायला हवं. या विषयावर ठाण्यात कुठेही बोला, तलावपाळीच्या कट्ट्यावर नाहीतर लोकलमध्ये, एक वाक्य हमखास येतं: "आम्हीपण काही नव्हतं तेव्हा शिकलो." मीही ते वर्षानुवर्षं म्हणत आलो. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, आम्ही किसननगरला दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो, शाळा महापालिकेची, क्लास-बिस काही नाही. खरं आहे सगळं. पण वडील कायम होते. पहिली पाळी असली की साडेतीनला घरी यायचे, चहा घ्यायचे आणि माझी वही उघडायचे. अपूर्णांक मी त्यांच्याकडून शिकलो. पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लागायचं, पगार सात तारखेला व्हायचा, आणि आईला कधी माझ्या फीसाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. नाक्यावरच्या माणसाला उद्या कुठे आणि किती वाजेपर्यंत हे आज माहीत नसतं. कायम नोकरी मला पैशापेक्षाही दुपारच्या वेळेच्या रूपानं मिळाली होती, आणि मी ती चाळीस वर्षं स्वतःच्या हुशारीत धरत होतो.

रोमरचं याला उत्तर आहे आणि ते मला पटतं. दिघ्यातला मुलगा दोन तास अभ्यास करतो, ठाण्याच्या सुखवस्तू नौपाड्यातला चार तास. तासांवरून दुसरा जास्त कष्टाळू ठरतो. पण दिघ्यात पाणी येण्याची वेळ सांभाळायची असते, धाकट्या बहिणीला आणायचं असतं, एका खोलीत टीव्हीही चालू असतो. तिथली बहुतेक मुलं तासाभरावर बसू शकत नाहीत, तर दोन तास बसणारा आपल्या वस्तीत वरच्या दहा टक्क्यांत आहे. नौपाड्यात चार तास बसणारा कदाचित मधल्या रांगेत असेल. म्हणून कष्ट मोजायचे ते तासांत न मोजता आपल्या गटातल्या क्रमांकानं मोजावेत, असं रोमर म्हणतो. दोन गटांतल्या वरच्या दहा टक्क्यांची तुलना वरच्या दहा टक्क्यांशी करा. तिथेही कमाईत दरी राहिली, तर ती मेहनतीची नाही. आणि 'आम्ही शिकलो' म्हणणारे आम्ही सगळे आपापल्या गटातले वरचे दहा टक्के होतो. आमच्या बाकावरचे उरलेले कुठे गेले, हे विचारायला आमच्यातलं कुणी परत त्या शाळेत गेलं नाही.

बायकांचा प्रश्न तर बऱ्याचदा मोजायच्या आधीच गळतो. ब्राझीलचा तो हिशेब पुरुषांचा होता, आणि असे हिशेब पुष्कळदा पुरुषांचेच असतात, कारण कमाईच नसेल तर कमाईची विषमता काय मोजणार? बारावीला चांगले मार्क पडलेली मुलगी लग्नानंतर घरी बसली की ती नमुन्यातून बाहेर पडते. तिच्यावर झालेला अन्याय जितका पूर्ण, तितका तो तक्त्यात कमी दिसतो.

या सगळ्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे आहे का? मोठ्या सरकारी पाहण्यांमध्ये जवळजवळ नाही. श्रमशक्तीची नियमित पाहणी, जी 2025 च्या जानेवारीपासून नव्या स्वरूपात दर महिन्याला आकडे देऊ लागली, ती घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण आणि काम विचारते. पण चाळीस वर्षांचा माणूस वेगळ्या घरात राहत असेल तर त्याचे आई-वडील कोण होते, किती शिकले, काय करत, हे विचारत नाही. मग अभ्यासक काय करतात, तर ज्या घरांत बाप आणि मुलगा अजून एकत्र राहतात तेवढीच घरं घेतात. नवी मुंबईसारख्या, आई-बाप गावाला आणि मुलं इथे अशा शहराचं चित्र त्यातून काय डोंबल निघणार! एनसीएईआर ही दिल्लीची संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी 2004-05 आणि 2011-12 मध्ये देशभरच्या चाळीस हजारांहून अधिक घरांची मानव विकास पाहणी केली, तिच्यात कुटुंबप्रमुखाच्या वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय हे प्रश्न होते. या विषयावरचं आपलं बरंचसं ज्ञान त्या एका पाहणीवर टेकलेलं आहे. 2027 च्या जनगणनेत जात नोंदवली जाणार, हा निर्णय 30 एप्रिल 2025 ला झाला आणि तो योग्यच आहे. पण जातीचा आकडा आला आणि पिढीचा आला नाही, तर पहिल्या पिढीतला पदवीधर आणि तिसऱ्या पिढीतला पदवीधर एकाच ओळीत उभे राहतील, आणि आरक्षणावरचा वाद पुन्हा 'आमच्या ओळखीतला एक जण आहे' या पातळीवर चालेल.

गंमत अशी की महापालिकेच्या हद्दीत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाबद्दल ही माहिती एकदा लिहिली जाते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या जन्माच्या अहवालाचे दोन भाग असतात. एक कायदेशीर, ज्यावरून आपल्याला दाखला मिळतो. दुसरा सांख्यिकी भाग. त्यात आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण, दोघांचा व्यवसाय, लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळी आईचं वय असं सगळं विचारलेलं असतं. तो भाग वेगळा होतो, वर जातो, एकूण जन्मांच्या तक्त्यात मिसळतो. त्या मुलाचं सहा वर्षांनी काय झालं, सोळा वर्षांनी काय झालं, याच्याशी त्याची गाठ पुन्हा घातली जात नाही. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत अशा नोंदी जोडूनच पिढ्यांचा अभ्यास होतो. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी कराच्या नोंदींवरून कोणत्या वस्तीत वाढलेलं मूल पुढे किती कमावतं, याचा नकाशाच काढला. दिघा आणि पाम बीच रोडची श्रीमंत वस्ती यांच्यात तसा नकाशा काढायला आकाशातून काही आणावं लागणार नाही.

आणखी एक फुकट मिळालेली संधी आपण वाया घालवतोय. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असतात. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते. 2024 च्या फेब्रुवारीत राज्यानं नियम बदलून सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. त्या काळात बाजूनं आणि विरोधात खूप लिहिलं गेलं. या मुलांचं तिथे भलं होतं की ती बुजून जातात, यावर प्रत्येकाचं ठाम मत होतं. आणि उत्तर सोडतीच्या यादीतच होतं. सोडत म्हणजे नाणेफेक. नंबर लागलेलं मूल आणि प्रतीक्षा यादीत राहिलेलं मूल यांच्या घरात सरासरीनं काही फरक नसतो, फरक फक्त चिठ्ठीचा. दोघांचाही पाचवीला, आठवीला, दहावीला माग काढला असता तर शाळा बदलल्यानं किती फरक पडतो याचं उत्तर आज आपल्या हातात असतं. औषधाची परीक्षा घेतात तशी ही परीक्षा दरवर्षी आपोआप होते, फक्त पेपर कुणी तपासत नाही.

माझी मागणी म्हणून फार मोठी नाही. श्रमशक्तीच्या पाहणीत प्रत्येक प्रौढाला चार प्रश्न जास्त विचारा: आई किती शिकली, वडील किती शिकले, तुम्ही पंधरा वर्षांचे असताना ते काय करत, आणि ते काम कायम होतं की नाही. घराण्याकडे जमीन होती का, हा पाचवा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी जन्मनोंदीतला सांख्यिकी भाग आणि शाळांचे निकाल, नावं काढून, वस्तीनिहाय जोडून बघावेत. लहान मुलांपासून सुरुवात केली तर एक फायदा असा की प्रयत्न विरुद्ध परिस्थिती हा वादच मिटतो. सहा वर्षांच्या पोराला वाचता येत नसेल तर त्यात त्याच्या आळसाचा वाटा किती, असं विचारायला कुणी धजावणार नाही. तिथे सगळा फरक परिस्थितीचाच असतो.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. आई-बापाची माहिती गोळा केली की तिचा वापर दार उघडायला होईल याची खात्री काय? आपल्याकडे आडनाव बघून दार बंद होतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक आडनावाचा. दलित आडनावांना पुढची बोलावणी कमी आली. अशा देशात 'वडील: सफाई कामगार' असं मुलाच्या आयुष्यभराच्या ओळखक्रमांकाला चिकटवणं भयंकर ठरेल. म्हणून ही माहिती मुलाच्या प्रगतिपुस्तकात नको, शाळेच्या भिंतीवर नको, बँकेच्या हाती तर मुळीच नको. पाहणीचा कागद वेगळा आणि नोंदीचा कागद वेगळा, ही भिंत पक्की नसेल तर मी स्वतः या मागणीच्या विरोधात उभा राहीन. फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना आज कुणी वाचत नाही, तरी तो प्रत्येक फॉर्मावर आहे. मला तो तिथून काढून पाहणीत न्यायचाय.

आणि एक अडचण आहे जिला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त अनुभव आहे. आई-बाप किती शिकले हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. चुकीच्या आठवणींमुळे गट एकमेकांत मिसळतात आणि संधीची विषमता आहे त्याहून कमी दिसते. म्हणजे इथेही आकडा खालीच ओढला जातो. मागच्या महिन्यात एका फॉर्मात 'वडिलांचे शिक्षण' असा रकाना निघाला. सोळा वर्षांचा मुलगा गोंधळला, मग त्यानं तिथेच वडिलांना फोन लावला. ते कामावर असावेत, मागे मिक्सरचा आवाज येत होता. प्रश्न दोनदा विचारावा लागला. पलीकडे थोडा वेळ नुसता मिक्सरच ऐकू आला.

"सहावी," ते म्हणाले. "नाय, सातवी लिव. का रे?"